डाव्या बाजूचा हर्निया

मला पहिलं यायचं होतं. कशात, हा प्रश्न दुय्यम होता. शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, मेडिकलच्या यादीत माझं नाव शेपटाकडून शोधावं लागलं, आणि मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या घरच्यांनी माझ्यासोबत आलेल्या मित्रालाच नवरामुलगा समजून आधी पोहे दिले. अशा माणसाच्या पोटात पहिलेपणाची भूक किती साठत असेल, ते ज्याचं त्याला ठाऊक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी नगरला एक छोटंसं हॉस्पिटल चालवत होतो. मी सर्जन, बायको भूलतज्ज्ञ. म्हणजे पेशंटला ती झोपवणार आणि मी कापणार. घरी ही वाटणी बरोबर उलटी असायची.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचं तंत्र तेव्हा आमच्या भागात नुकतंच रुजत होतं. पोटाला बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा जोडलेली दुर्बीण घालायची, बाकीच्यांतून लांबलचक हत्यारं, आणि आतलं सगळं टीव्हीवर बघत काम करायचं. मी दुर्बीण आणली तोवर गावात पित्ताशय कुणीतरी काढून झालं होतं. अपेंडिक्सही गेलं होतं. उरला होता लहान मुलांचा हर्निया. तो जिल्ह्यात अजून कुणी दुर्बिणीतून केला नव्हता. निदान माझ्या कानावर आलं नव्हतं, आणि मी फार चौकशीही केली नाही.

हर्निया म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मूल आईच्या पोटात असताना त्याच्या पोटातून जांघेकडे एक बारीक वाट असते. जन्माच्या सुमाराला ती आपोआप बुजते. काहींची बुजत नाही. मग मूल रडलं, कुंथलं की आतडं त्या वाटेने खाली उतरतं आणि जांघेत लिंबाएवढा फुगा येतो. मूल शांत झालं की तो आत जातो. पण एखाद्या दिवशी जात नाही, आतडं अडकून काळंनिळं पडतं, आणि जिवावर बेततं. म्हणून ती वाट वेळेवर बंद करायची. खेड्यातली माणसं याला आंतरगळ म्हणतात.

खरं सांगायचं तर त्यासाठी दुर्बिणीचं काही अडलं नव्हतं. आमच्या गावात एक ज्येष्ठ सर्जन होते. मी सुरुवातीची दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि अजूनही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत असे. सर जांघेतल्या घडीत इंचभर चिरा द्यायचे, वीस मिनिटांत वाट बांधून टाकायचे, आणि संध्याकाळी पोरगं वॉर्डात पळायला लागायचं. वण चड्डीखाली झाकून जायचा. मीही बारा वर्षं तसंच करत आलो होतो आणि कुणाची तक्रार नव्हती.

“इंचभर चिरा वाचवायला तीन भोकं पाडायची,” बायको म्हणाली, “आणि वीस मिनिटांचं काम दीड तासात करायचं. यात पोराचा फायदा कुठला?”

मी म्हणालो, दुर्बिणीतून दोन्ही बाजू दिसतात. एकीकडे हर्निया असला आणि दुसरीकडची वाटही उघडी असली, तर ती तिथल्या तिथे कळते. हे पुस्तकात होतं आणि खरंही होतं. पण माझं कारण ते नव्हतं, आणि हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

सराव मात्र मी मनापासून केला. बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, आत कॅमेरा बसवला आणि ढोबळ्या मिरचीचं देठ काढून त्या भोकाभोवती टाके घालू लागलो. टीव्हीकडे बघून हात हलवायचे म्हणजे सुई एकीकडे आणि जीव दुसरीकडे. टाका ओढला की मिरची फाटायची. पंधरा दिवस आमच्या घरी पीठ पेरून केलेली ढोबळीची भाजी होती, दोन्ही वेळा. सोळाव्या दिवशी बायकोने मला एक दुधी आणून दिला आणि म्हणाली, “याच्यावर करा. याची साल तरी जाड आहे.”

मग तो पोरगा आला. पारनेरच्या पलीकडच्या एका वाडीतून, आई आणि आजोबांबरोबर. वय पाच. अंगाने काटक, आणि डोळ्यांत असा संशय, की डॉक्टर या जमातीबद्दल त्याला कुणीतरी आधीच सगळं सांगून ठेवलं असावं. बाप पुण्याला कारखान्यात, त्याला रजा मिळाली नव्हती. आजोबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. बत्तीस वर्षं नगर-मनमाड रस्त्यावर गाडी चालवलेली. कोल्हारच्या पुलाचा विषय निघाला की त्यांचे हात आपोआप स्टिअरिंगवर जायचे.

तपासणीच्या खोलीत पाऊल टाकताच पोराला सुयांचा ट्रे दिसला. त्याने आईच्या हाताला हिसका दिला आणि जो पळाला, तो थेट रस्त्यापर्यंत. आमच्या वॉर्डातले मामा, वय वर्षं अठ्ठावन्न, त्याच्यामागे धावले.

तेवढ्या वेळात माहिती लिहून घ्यावी म्हणून मी केसपेपर पुढे ओढला.

“आंतरगळ हाय,” आजोबा म्हणाले. “रडला, न्हाईतर संडासला बसला का फुगा येतो. निजला का जातो.”

“कुठल्या बाजूला, ताई?” मी आईला विचारलं.

“जेवत्या हाताला,” आजोबाच म्हणाले.

“आजोबा, आईला बोलू द्या,” मी म्हणालो. पोराच्या हर्नियाबद्दल आईचा शब्द प्रमाण मानावा, असं आम्हाला शिकवलेलं होतं. ते शिक्षण मी त्यांना दोन वाक्यांत ऐकवलंही. आजोबा गप्प झाले. आयुष्यभर डेपोतल्या साहेबांचं ऐकून घेतलेला माणूस, त्याला त्याची सवय होती.

आता आईची पंचाईत झाली. सासऱ्यासमोर जांघेचं नाव काढायचं नाही. स्वतःच्या अंगावर दाखवायचं नाही, कारण दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवलं की ते आपल्याला होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोराच्या अंगावर दाखवावं तर पोरगा रस्त्यावर. तिने इकडेतिकडे बघितलं, पदर सारखा केला, आणि टेबलापलीकडून सरळ माझ्या पँटकडे बोट केलं.

“ह्या बाजूला,” ती म्हणाली.

मी मान वाकवून बघितलं. बोट माझ्या डाव्या जांघेकडे होतं. मी केसपेपरवर लिहिलं, डावी बाजू. खाली दोन रेघा मारल्या. दोन रेघा मारल्या की माणसाला आपण फार काटेकोर आहोत असं वाटतं.

मामांनी पोराला काखोटीला मारून आणलं. हर्निया बघायचा तर पोर रडलं पाहिजे, म्हणजे फुगा बाहेर येतो. एरवी पोरं मला नुसती बघूनच भोकाड पसरतात, माझा निम्मा धंदा त्यावर चालतो. हा पठ्ठ्या रडेना. खोक म्हटलं तर खोकला. उड्या मार म्हटलं तर दहा उड्या मारल्या आणि अकरावी मामांच्या पायावर मारली. शेवटी मी त्याला फुगवायला एक फुगा दिला. त्याने तो तोंड लाल होईपर्यंत फुगवला, गाठ मारायला आजोबांकडे दिला आणि आता जाऊ का, असं विचारलं. जांघेत काहीही आलं नाही.

अशा वेळी बोटांनी चाचपायचं असतं. त्या वाटेची पातळ पिशवी बोटाखाली सरकली की रेशमावर रेशीम घासल्यासारखं लागतं, असं पुस्तक सांगतं. मी डावी जांघ चाचपली. रेशीम लागलं. का लागणार नाही? वर माझ्याच अक्षरात लिहून, रेघा मारून ठेवलं होतं. उजवीकडे बोट लावून बघावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

“हर्निया आहेच,” मी म्हणालो. “आपण दुर्बिणीतून करू.”

आईने पोराला पदराखाली ओढलं.

“दुर्बिनीचं?” आजोबा उठून उभे राहिले. “आवो डॉक्टर, पाच वर्साचं प्वार हाय त्ये. लगीन व्हायचंय त्याचं!”

मला उलगडा व्हायला अर्धं मिनिट लागलं. आमच्या जिल्ह्यात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे एकच, आरोग्य केंद्राच्या शिबिरात बायकांचं होतं ते, मूल बंद करायचं. मग मी कागदावर पोट काढलं, बेंबी काढली, आतडं काढलं, दुर्बीण काढली. दुर्बीण लांबून सगळं स्वच्छ बघते, हात न लावता बघते, असं सांगितलं. पोराचा वंश ज्या नळीवर अवलंबून असतो, ती नळी या वाटेला अगदी चिकटून जाते, तेव्हा आजोबांची भीती काही वेडगळ नव्हती. हे मात्र मी सांगितलं नाही. अर्धा तास व्याख्यान ऐकून आजोबांनी सुनेकडे बघितलं. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तुमी म्हनताय तर करा. तुमाला म्हाईत.”

इथवर मी नुसता घाईत होतो. पुढे जे केलं त्याला मूर्खपणाच म्हणतात.

मी बाहेरच्या हॉलमध्ये एक मोठा टीव्ही बसवला आणि ऑपरेशन थिएटरमधून त्याला वायर ओढली. आतलं सगळं बाहेर दिसावं म्हणून. नुसतं दिसून काय उपयोग, कळलंही पाहिजे, म्हणून गळ्यात घालायचा माईक आणला. सरांना आमंत्रण दिलं. गावातले पाचसहा डॉक्टर बोलावले. एका दैनिकाच्या वार्ताहराला बोलावलं. आमंत्रणपत्रिकेवर छापून घेतलं, की पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या हर्नियावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त मी हात रंगीत टीव्हीवर दाखवणार होतो.

आदल्या दिवशी दुपारी सिस्टरने केसपेपर वाचून पोराच्या डाव्या मांडीवर जांभळ्या औषधाने बाण काढला. मी राउंडला गेलो तेव्हा तो बाण बघितला आणि सिस्टरला शाबासकी दिली. आई कॉटच्या पायाशी बसून पोराला द्राक्षं सोलून देत होती. तिनेही बाण बघितला होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मामांनी टीव्हीपुढे नारळ फोडला. हॉल भरला होता. पुढच्या रांगेत सर, त्यांच्या शेजारी वार्ताहर, आणि भिंतीला टेकून आई आणि आजोबा. आत माझ्या बायकोने पोराशी गोष्टी करत करत त्याला कधी झोपवलं ते त्यालाही कळलं नाही. मी हात धुतले, गाऊन चढवला, माईक सुरू केला.

“नमस्कार,” मी म्हणालो. “आता आपण बेंबीतून पोटात प्रवेश करणार आहोत.” हे वाक्य मी सकाळपासून चारदा म्हणून बघितलं होतं.

बेंबीतून पोटात गॅस सोडला. पोट हळूहळू वर आलं, आतड्यांना बाजूला सरायला जागा झाली. तेवढ्यात पोराच्या डोक्याशी बसलेली बायको म्हणाली, “अहो, खाली उजवीकडची पिशवी फुगली.”

वाट जिकडे उघडी असते तिकडे गॅस उतरतो आणि अंडाची पिशवी फुगते. कुणालाही कळावं इतकं ते उघड असतं. पण माझा माईक सुरू होता आणि ऐकणारे हॉलभर होते. मी म्हणालो, “असं होऊ शकतं. आपण डावीकडे जाऊ.”

डावीकडे गेलो. दुर्बिणीच्या उजेडात ती जागा छान दिसली. तिथे भोक नव्हतं. इस्त्री फिरवलेल्या कापडासारखं सगळं गुळगुळीत होतं. “कधी कधी वाट थोडी लपलेली असते,” मी माईकमधून म्हणालो, आणि हत्याराने ती शोधू लागलो. ढोसलं. खरवडलं. नाही त्या जागी भोक व्हावं अशी माझी इच्छा होती, आणि माझ्या हातात भोक पाडायची हत्यारं होती. तो विचार आज आला तरी माझ्या अंगावर काटा येतो. त्या पातळ पडद्यामागून पोराची ती नळी चालली होती, पांढऱ्या दोऱ्यासारखी स्वच्छ दिसत होती, आणि मी तिच्याशेजारी ढोसत होतो.

“दुसरीकडे बघा,” बायको म्हणाली.

“एक मिनिट.”

“दुसरीकडे बघा,” ती म्हणाली, आणि ‘अहो’ म्हणाली नाही.

मी कॅमेरा उजवीकडे वळवला. टीव्हीच्या मधोमध काळंभोर, गोल, करंगळी जाईल एवढं भोक.

हॉलमधून, बंद दारापलीकडून, आजोबांचा आवाज आला, “त्येच की! जेवत्या हाताला!”

मी दोन्ही हत्यारं बाहेर काढून ठेवली. आपण काय करायला निघालो होतो, ते एकदम समोर आलं. चिरा दिला असता तर तो डावीकडे दिला असता. समोर पाच वर्षांचं पोर तोंडात नळी घालून झोपलेलं, त्याच्या मांडीवर माझ्या शाबासकीचा बाण. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

“माईक बंद करा,” बायको हळू म्हणाली. “बाहेर जाऊन आईला विचारा. पोराकडे मी बघते, घाई करू नका.”

मी हातमोजे काढले आणि दार उघडून बाहेर आलो. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी आईला आणि आजोबांना कोपऱ्यात घेतलं.

“ताई, फुगा कुठल्या बाजूला येतो? पुन्हा दाखवा.”

तिने पुन्हा माझ्याचकडे बोट केलं. पुन्हा माझ्या डाव्या जांघेकडे. “ह्या बाजूला. सांगितलं हुतं की.”

“आवो डॉक्टर,” आजोबा म्हणाले, “ती आरशागत दाखवती. प्वार तिच्याकडं पाठ करून मांडीवर बसतं, तवा फुगा तिच्या बी जेवत्या हाताला येतो. तुमी तिच्याकडं तोंड करून हाय, तरी ती आपल्या त्याच हाताला दाखवती. नवा ड्रायव्हर रिव्हर्स घेताना हितंच फसतो. मी पहिल्याच दिशी सांगितलं हुतं, जेवत्या हाताला.”

होय, सांगितलं होतं. मी त्यांना गप्प केलं होतं.

आत जाऊन पुन्हा हात धुतले आणि उजवी वाट बंद केली. भोकाभोवती टाके घालायचे, नळी आणि रक्तवाहिन्या वगळायच्या, आणि पिशवीच्या नाडीसारखी गाठ ओढायची. दुधीवर हे मला पंचवीस मिनिटांत जमत होतं. पोरावर सव्वा तास लागला, कारण प्रत्येक टाक्याआधी मी दोनदा बघत होतो. बाहेर टीव्ही सुरूच होता, पण बोलणारा गप्प झाल्यावर त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टर मंडळी एकेक करून चहाला गेली. वार्ताहर त्यांच्यामागे गेला. शेवटची गाठ बसली तेव्हा टीव्हीपुढे फक्त आजोबा उभे होते, असं मामांनी नंतर सांगितलं. सगळा वेळ उभे होते म्हणे.

पोरगा दुपारी उठला, चड्डी मागितली आणि संध्याकाळी मामांना चुकवून जिन्यापर्यंत जाऊन आला.

इथे माझी फजिती जगजाहीर व्हायला हवी होती. झालं उलटंच. चहा पिऊन परत आल्यावर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “मानलं तुझ्या दुर्बिणीला,” ते म्हणाले. “मी असतो तर डावीकडे चिरा देऊन उकरत बसलो असतो. वरून तपासून फसायला होतं, आत बघितल्यावर खरं कळतं. नाही का?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. सांगायला एकच वाक्य लागलं असतं, की तपासणी फसवी नव्हती, मीच उजवी बाजू तपासली नव्हती. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं आणि चहाबरोबर खाली गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन दिवसांनी दैनिकात बातमी आली. फोटोही आला, त्यात मी गाऊन घालून दुर्बीण धनुष्यासारखी धरली होती. दुर्बिणीने लपलेला हर्निया कसा अचूक शोधला, याचं वर्णन होतं. जिल्ह्यात प्रथमच, हे शब्दही होते. ज्या शब्दांसाठी मी एवढ्या मिरच्या फाडल्या, ते शब्द. मी तो कागद वरपासून खालपर्यंत चारदा वाचला. बायकोने एकदाच वाचला.

“आजोबांचं नाव राहिलं,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आठव्या दिवशी आई पोराला दाखवायला घेऊन आली. आजोबा स्टँडवर जुन्या मित्रांना भेटायला थांबले होते, त्यामुळे ती मोकळेपणी बोलत होती. पोटावरची तीन भोकं भरून आली होती. उजवी जांघ सपाट होती. मी या वेळी डावीही बघितली. डाव्या मांडीवर तो जांभळा बाण अजून पुसट दिसत होता. आईने तो धुतला होता, पण ते औषध सहज जात नाही.

खरं सांगतो, मी चूक कबूल करायला तोंड उघडलं नाही. चूक वाटून घ्यायला उघडलं. थोडी तिच्याकडे गेली तर माझ्याकडे तेवढी कमी उरेल, असा साधा हिशेब.

“ताई,” मी म्हणालो, “हा बाण तुम्ही आदल्या दिवशीच बघितला होता ना? दुसऱ्या बाजूला आहे हे दिसत होतं. मग बोलला का नाहीत?”

“बघितला की,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमी तिकडनं शिरत आसाल. दुर्बीन लांबनं बघती, आसं तुमीच म्हनला हुता.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी काय करतोय ते मला माहीत असणार, एवढंच ती म्हणत होती. रात्रभर ती त्या बाणाकडे बघत कॉटशी बसली असेल. आपल्या पोराचा फुगा उजवीकडे आहे हे तिला दोन वर्षं माहीत होतं, आणि डॉक्टरने डावीकडे खूण केली तेव्हा तिने स्वतःच्या डोळ्यांची समजूत घातली होती. मला तिच्याकडे बघवेना.

“ताई, तसं नसतं,” मी म्हणालो. “माझी चूक झाली होती. मी चुकीची बाजू लिहिली. आजोबांनी बरोबर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.”

तिने पोराची चड्डी वर ओढली. नाडी बांधता बांधता थांबली.

“आन् दुर्बीन नसती तर?”

“तर मी या बाजूला चिरा दिला असता. आत काही सापडलं नसतं. टाके घालून तुम्हाला घरी पाठवलं असतं.”

मला वाटलं, आता रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नाडीची गाठ पुरी केली, पोराला टेबलावरून खाली उतरवलं आणि विचारलं, “दुर्बीन यायच्या आदी बी पोरं येत आसतील ना तुमच्याकडं?”

“येत होती.”

“त्यांच्या आया बी माज्यावानीच गप ऱ्हायल्या आसतील,” ती म्हणाली, पिशवी उचलली आणि पोराचा हात धरून निघाली.

मी तिथेच बसून राहिलो. मला एक पोरगा आठवला, राजूरच्या डोंगरातून आलेला. त्याला मी डावीकडे चिरा दिला होता, आणि केसपेपरवर पिशवी अगदी पातळ सापडली असं लिहिलं होतं. आठ महिन्यांनी तो उजवीकडचा फुगा घेऊन परत आला. अशा मुलांना दुसऱ्या बाजूलाही होतो, मी त्याच्या आईला समजावून सांगितलं. ती ‘व्हय, व्हय’ म्हणाली आणि पोराला तिने पुन्हा माझ्या टेबलावर झोपवलं. पहिल्या वेळी फुगा कुठल्या बाजूला यायचा, हे मी तिला विचारलं नाही.